उतरणारी बॅटरी

जुन्या पिकअपने त्याच्या नाकी नऊ आणले होते. दुपारी धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी किल्ली फिरवताच मान टाकायची. बॅटरी बदलली, अल्टरनेटर उघडला, वायर न् वायर तपासली, तरी धक्का मारणं चुकेना. त्यात नजर अधू झाल्यामुळे गाडी सोडावी लागलेले वडील पायरीवरून सुनावायचे, “माझ्या हातात होती तोवर कधी अशी अडली नाही!” आज वैतागून तो भर दुपारीच टेस्टर घेऊन बाहेर आला, तर हेडलाइट ढणाढणा पेटलेले. आत वडील, लपवून ठेवलेली जुनी किल्ली लावून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले. त्याने दार खेचलं. “अहो बाबा, उन्हात दिवे कशाला?” “घाट लागलाय,” वडील समोरून नजर न हलवता म्हणाले. “धुकं बघ किती!” टेस्टर खिशात टाकून तो पुढची काच पुसू लागला.