धुक्यावरचे चौघे

धुक्यात डोंगर आणि देवळाचा कळस, दोन्ही पुसले गेले. त्या दोन खुणा एका रेषेत धरूनच मी आयुष्यभर होडी बंदरात आणली.

“बाबा, डावीकडे घे,” लेक म्हणाली. निघताना तिने धक्क्याची जागा मनगटावरच्या घड्याळात नोंदवली होती.

“तुझ्या घड्याळाला धुक्यातलं दिसतं का?” मी सुकाणू सरळच धरलं.

“दिसत नाही. वरचे चार उपग्रह सांगतात, ते ऐकतं.”

तेवढ्यात नाकासमोर लाट खडकावर फुटल्याचा आवाज आला. मी डावीकडे घेतलं.

धक्क्याचा खांब हाताशी आला. बंदरात शिरताना देवळाला हात जोडायची आमची रीत. देऊळ अजून धुक्यातच होतं.

“ते चौघे कुठल्या बाजूला?” मी विचारलं.

“सगळीकडे पांगलेत.”

मी होडीतच सावकाश फिरत चारही दिशांना हात जोडले.