विनापास

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले मार्तंड घोरपडे आखातातल्या मुसफ्फात एका गोदामाच्या फाटकावर सिक्युरिटीला होते. एका दुपारी त्यांनी खुद्द मालकाचीच गाडी पास नाही म्हणून अर्धा तास उन्हात उभी केली. संध्याकाळी नोकरी गेली. पत्रात कारण होतं, शिस्तभंग.

फौजेतल्या चोवीस वर्षांत हा शब्द त्यांना कुणी लावला नव्हता. त्यात बेरोजगारी विम्यावाल्यांनी सांगितलं, शिस्तभंगासाठी काढलेल्याला भत्ता नाही. पत्र बदलून आणा; उद्या अर्जाची मुदत संपते.

"तीन महिने भत्ता मिळाला तर पोरीची बारावी तरी इथं होईल," बायको शालन म्हणाली. "जरा मालकापुढे नरम घ्या. पाकिस्तानची सरहद्द नव्हती ती!"

घोरपड्यांनी मिशा खाली घेऊन मालकाला फोन केला. मालकही मोठ्या मनाचा निघाला. "खलास, हवालदार! पाचच्या आत येऊन नवीन पत्र घेऊन जा. पाचला मी एअरपोर्टला निघतोय."

पावणेपाचला घोरपडे कडक इस्त्रीत फाटकावर हजर झाले. तिथं आता त्यांनीच तयार केलेला गार्ड, थापा, उभा होता. त्यानं खाडकन सॅल्यूट ठोकला. "उस्ताद, आपसे कैसा पास? सीधा अंदर जाइए!"



पाचला मालकाची गाडी बाहेर पडली, तेव्हा घोरपडे फाटकाबाहेरच उभे राहून थापाला झापत होते, "बिना पास आदमी को अंदर छोडता है?"