टबाची कड

वारज्यातली जमीन विकून बंगला बांधला, तेव्हा सार्थकनं आईच्या बाथरूममध्ये हौसेनं टब बसवला. सोजरबाई त्यात बादली ठेवून अंघोळ करायच्या. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि टबाची कड ओलांडताना दोनदा तोलही गेला होता. सार्थकनं ठेकेदार दत्तप्रसादला बोलावलं.

पहिलं कोटेशन: टब काढून सपाट फरशीचा शॉवर, बसायला ओटा, धरायला स्टीलचे दांडे. एक लाख नव्वद हजार.

"ओटा काढा. आई काय तासभर बसणार आहे का तिथे?"

दुसरं कोटेशन: एक लाख साठ.

"अहो, दांडे कशाला? धरायला आम्ही आहोत की घरात."

तिसरं कोटेशन: एक लाख पंचेचाळीस.

"हां, आता कसं माणसासारखं बोललात! उद्याच सुरू करा."

"उद्या नगं," आतून सोजरबाई म्हणाल्या. "पितरांचा पंधरवडा हाय. ती घरात जेवायला यायची अन् तुमी हातोडा घालणार व्हय? घट बसू द्या. इतकी वर्सं चढले, आजून पंधरा दिस चढंन."

सार्थकनं ठेकेदाराकडे पाहून खांदे उडवले.




घटस्थापनेच्या सकाळी दत्तप्रसाद माणसं घेऊन आला आणि दार उघडणाऱ्या सार्थकचं मुंडण केलेलं डोकं बघून पायरीवरच थांबला.

"आता राहू द्या," सार्थक म्हणाला. "आम्हाला ती कड ओलांडता येते."