मनस्वीचे तीरंदाज

ग्रामदेवतेची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे!

मुंबईच्या एका खेळवाल्याने देवरुखच्या मनस्वीला काम दिलं होतं. टेबलावर सैन्य मांडायचं नि फासे टाकत लढायचं, असा खेळ. त्यातली रानातल्या एल्फांची, म्हणजे विलायती गोष्टींतल्या यक्षांची, फौज तिने घडवायची. आज फोटो पाठवायचे. पसंत पडले की नोकरी पक्की. तिने बोटाएवढे वीस तीरंदाज केले, टोकदार कानांचे. प्रत्येकाच्या धनुष्याला बाण लावला. अंगरख्यांना देवरहाटीतली, देवाच्या राखीव रानातली, झाडाची साल चिकटवली.

"गुरवाला सांगून, नारळ ठेवून आणलीस ना गो?" आईने, रेणुकाने, स्वयंपाकघरातून विचारलं. "तिथली काटकीसुद्धा तशी उचलत नाहीत."

"खाली पडलेली साल गो ती. कोणाला विचारू, झाडाला?"

दुपारी तिने फौज खिडकीकडे तोंड करून मांडली नि मोबाईल आणायला गेली. परत येते तो सगळे तिच्या खुर्चीकडे वळलेले.

"आई, तू हात लावलास यांना?"

"माझे हात कोलंबीत बरबटलेत बाय!"

मनस्वीने एकेकाला उचलून पुन्हा खिडकीकडे वळवलं. मग मागे सरकत दारापर्यंत गेली नि मोबाईलमधून पाहिलं. कसलाच आवाज झाला नव्हता. वीसच्या वीस बाण दारावर रोखलेले होते.

तिने मोबाईल हळूच खाली घेतला. "आई," ती म्हणाली, "एक नारळ सोलून दे गो."

आता शप्पथ घेतलीय म्हणून सांगते, एक गोष्ट मी पदरची घातली. बाण मनस्वीने लावले नव्हते. तिने नुसती धनुष्यं दिली होती.