पाखऱ्याची झोप

"हे बघा, झालं सुरू," भागूबाई म्हणाली. "अंगात येतंय मेल्याच्या."

भर दुपारी लिंबाखाली पाखऱ्या बैल मान कुशीत घालून निजला होता. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. कान थरथरत होते, पाय झटके देत होते.

करमाडच्या त्या मळ्यात औरंगाबादहून जनावरांचे डॉक्टर अनंतराव आले होते ते एका कागदासाठी. बैल निकामी आहे, एवढंच लिहून हवं होतं. मग भागूबाईचा पोरगा पुंजाराम त्याला पाचोडच्या बाजारात कसायाला काढणार होता. भागूबाईची ना नव्हती. तीन सालामागं पुंजाराम मोट हाकत असताना ह्याच बैलानं मागं सरकून विहिरीच्या काठावर उभ्या धन्याला आत लोटलं होतं. तेव्हापासून तिनं त्याच्यापुढं कडब्याचं धाटसुद्धा टाकलं नव्हतं. नावही घेत नव्हती. 'नवरा खाल्लेला' म्हणायची.

"मिरगी हाय सायब. तसंच लिहा," पुंजाराम म्हणाला.

"मिरगी कुठली? स्वप्न बघतोय तो."

भागूबाई फिस्सकन हसली. "बैल? अन् मग सकाळी उठून सांगतो कुणाला?"

"सांगत नाही, तीच तर पंचाईत आहे, आजी." डॉक्टरही हसले. "पण फ्रान्सात एकानं मांजरांवर प्रयोग केला. झोपेत मेंदू आपलं अंग बांधून ठेवतो. जिथून बांधतो, ती बारकी जागाच त्यानं कापली. तर मांजरं झोपेतच उठली, अन् नसलेल्या उंदरावर झडपा घालायला लागली. जागेपणी करतात तेच. ह्याचं अंग बांधलेलं आहे, म्हणून नुसते झटके. मोटेचा बैल ना? मोट ओढत असेल."

भागूबाई वाकली. जन्म मोटेपाशी गेला होता तिचा. भरली मोट ओढताना बैल उतारानं खाली जातो, रिकामी झाली की मागं मागं पाय टाकत विहिरीकडं येतो. ह्या दोन्ही चाली ती डोळे झाकून ओळखायची. ही त्यांतली नव्हती. मागचे खूर मातीत रुतत होते. खांदा पुढं रेटत होता.

"हा मागं सरत नाय," ती म्हणाली. "पाय रोवतोय. कुणीतरी मागं दामटतंय, अन् हा नको म्हणतोय."

"तसं छातीठोक नाही सांगता यायचं, आजी. त्याला विचारायची सोय नाही."

"माय, जनावराचं काय घेऊन बसलीस?" पुंजारामचा आवाज चिरकला. "मी व्हतो ना तिथं! लई वरडलो, नाय थांबला. सायब, तुम्ही लिहा."

"बैलाला टोचायची पराणी कुणाच्या हातात व्हती रं?"

"माझ्याच. पण..."

"सायब, पेन ठिवा खिशात."

भागूबाई गोठ्याकडं वळली. तिथं तिची सून द्वारका कोयत्यानं कडबा तोडत होती.

"द्वारके, मुक्या जनावराला विचारायची सोय नाय म्हणत्यात. तुला तर तोंड हाय. तुझा नवरा तीन सालापासून झोपेतून वरडत उठतो, ते भिंतीपल्याड मला ऐकू येतं. काय वरडतो, तेवढं तू सांग."

कोयता थांबला. द्वारकानं नवऱ्याकडं बघितलं नाही, सासूकडंही नाही. ती निजलेल्या बैलाकडं बघत राहिली.