झेंड्याची राख

सुधाकरराव मास्तर परसात आले तेव्हा झेंडा निम्मा जळून गेला होता. घमेल्यातून हिरवी कड अजून वर दिसत होती आणि त्यांची बायको वच्छलाबाई हात जोडून पुढ्यात बसली होती.

मिशनच्या शाळेचा जुना झेंडा तो. उंदरांनी कुरतडलेला, उन्हानं विटलेला. काल पंधरा ऑगस्टला नवा चढवला. मग जुन्याचं करायचं काय? चूल पुसायला घ्यायचा? मिशनच्या देवळातल्या वेदीवरचं कापड जीर्ण झालं की वच्छलाबाई जे करायची तेच तिनं केलं. धुतलं, घडी घातली, प्रार्थना म्हटली, जाळलं. राख मोगऱ्याच्या बुडाशी पुरायची. पवित्र वस्तू उकिरड्यावर टाकायची नाही, ही फादरनं शिकवलेली रीत. यात वावगं काही असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

पण परसाला कुंपण पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं, आरपार दिसणारं, आणि पलीकडं आदिलाबादच्या बसची वाट पाहत उभी असलेली माणसं. बस आली, थांबली, निघून गेली. एकही माणूस चढला नाही. सगळ्यांची नजर घमेल्याकडं होती.

कालचं भाषण त्यांनीच ठोकलं होतं ना! झेंडा जाळणाऱ्याला तुरुंग, हा दिल्लीचा नवा कायदा फार बरा झाला म्हणाले. ख्रिस्ती माणसानं तर तो आधी पाळावा. सत्तेच्या अधीन राहा, असं शास्त्रातच सांगितलंय. गावात आपली घरं मोजकी, आपलं इमान लोकांना दिसलं पाहिजे, हेही पोटात होतंच. घरी आल्यावर वच्छलाबाई एवढंच म्हणाली होती, की शिपाई उभा करून मिळवलेला मान देवालाही नको असतो. मास्तरांनी तिला गप्प बसवलं होतं.

माणसं फाटकातून आत आली. पुढं मारोती पटेल, गावचा पोलीस-पटेल. त्यानं आवाज चढवला नाही, आणि मास्तर त्यालाच जास्त भ्याले. त्यांनी हात जोडून सगळी रीत सांगितली, वेदीवरच्या कापडासकट. फाटका झेंडा आडोशाला जाळा असं सरकारच सांगतं, हेही म्हणाले. आडोशाला म्हणताना त्यांची जीभ अडखळली.

पटेलानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्यात जाळनं म्हंजे मान."

"हव, पटेल."

"मंग आमालेबी पाहू द्या तो मान. आना रे ते कापड."

एक जण शेजारच्या देवळात गेला, पायातल्या वहाणांसकट. वेदीवरचं कापड नवंकोरं होतं. वच्छलाबाईनं अख्खा उन्हाळा बसून त्यावर क्रूस भरला होता. पटेलानं ते घमेल्याच्या काठावर ठेवलं आणि माचिस मास्तरांच्या हातात दिली. तुमी सोताच्या हातानं जाळलं, की बाई सुटली. ठान्यात कोनी जानार नाही, असं तो अगदी समजुतीनं म्हणाला.

हा मान नव्हे, हे मास्तरांना चांगलं कळत होतं. काडी तीच, जाळ तोच, तरी हा मान नव्हे. पण बायकोला जीपमध्ये घालून नेताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. लाज वाटत होती, तरी त्यांची बोटं माचिस उघडायला लागली. त्यांनी काडी बाहेर काढली.

वच्छलाबाई उठली. तिनं माचिस त्यांच्याकडून काढून घेतली आणि पटेलापुढं धरली.

"आमच्या हातानं नाही होनार हे. मले न्याचं तर न्या ठान्यात," ती म्हणाली. "अन् तुमाले जाळाचं असन तर जाळा. आमी फिर्याद नाही देत."

पटेलानं माचिस घेतली. काडी ओढली नाही, मागं उभ्या माणसांकडं पाहिलं.

मग त्यांच्यातल्याच कोणीतरी फाटकाची कडी आतून लावली.