आठ बेअरिंग

पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंच्या रजिस्टरात बेअरिंग चारशे वीस होती, रॅकवर मात्र चारशे बाराच भरली.

"आकडा खोडा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. बाईंच्या मनाला ते पटेना. तीन दिवस त्या खोकं न खोकं उपसत राहिल्या. जेवणाचा डबा रोज तसाच घरी परत जायचा.

चौथ्या दिवशी पुन्हा मोजलं, तर बरोब्बर चारशे वीस. बाई स्टुलावर टेकल्या. पाय भरून आले होते, पण जीव भांड्यात पडला.

फोरमन दारात येऊन उभा राहिला.

"तुमचे हाल बघवेनात हो, बाई," तो हळूच म्हणाला, "म्हणून सकाळी तयार पंप उघडून त्यातली आठ आणून ठेवली."